मुक्त ज्ञानकोशाचे नकाशे आणि लोकसहभाग

ज्ञानकोशात नकाशाचे स्थान शब्दांच्या बरोबरीचे असते. एखादा तालुका कोणत्या खोऱ्यात वसला आहे, एखादी नदी कोणत्या डोंगररांगेतून निघून कोठे मिळते, हे दहा ओळी वाचूनही जे नीट ध्यानात येत नाही, ते नकाशावरील एका रेषेने सहज उमजते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश यांमुळे मराठी वाचकाला कोशवाङ्मयाची परंपरा नवी नाही. तथापि छापील कोशात नकाशा हे तज्ज्ञ आरेखकाचे काम असे. एकदा छापला गेला की पुढील आवृत्ती निघेपर्यंत तो तसाच राहत असे.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोश इंग्रजी भाषेत सुरू झाला. त्याच्या मराठी आवृत्तीचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. या कोशातील लेखांप्रमाणेच त्यातील बहुसंख्य नकाशेही स्वयंसेवकांनी तयार केलेले आहेत. शिक्षक, अभियंते, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी अशा नाना व्यवसायांतील माणसे कोणताही मोबदला न घेता हे काम करतात. हे काम कसे चालते, त्यात कोणत्या चुका संभवतात आणि महाराष्ट्रातील शाळा व ग्रामपंचायती यांचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार उद्बोधक ठरेल.

नकाशा मुक्त असण्याची गरज

सर्वसाधारण समज असा, की नकाशा म्हणजे भूगोलातील वस्तुस्थिती आणि वस्तुस्थितीवर कोणाची मालकी नसते. यातील पहिला भाग अपुरा आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते या माहितीवर कोणाचाही हक्क नाही. परंतु ती माहिती दाखविण्यासाठी कोणी एक चित्र रेखाटले असेल, तर त्या चित्रावर रेखाटणाऱ्याचा प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट असतो. म्हणून बाजारात मिळणारा अॅटलास समोर ठेवून त्यावरून नकाशा गिरविणे, किंवा एखाद्या व्यापारी कंपनीचा संगणकीय नकाशा उतरवून घेणे, या ज्ञानकोशात निषिद्ध मानले जाते.

नक्कल पकडण्यासाठी नकाशा कंपन्या कधी कधी मुद्दाम खोटी नावे पेरीत असत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर १९३०च्या दशकात एका कंपनीने अ‍ॅग्लो नावाचे अस्तित्वात नसलेले गाव दाखविले होते. पुढे दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर तेच नाव आढळले, तेव्हा चोरी उघड झाली असे वाटले. चौकशीअंती निघाले ते वेगळेच. नकाशावर नाव पाहून कोणीतरी त्या जागी त्याच नावाचे दुकान थाटले होते! नकाशाचा लोकांच्या मनावर किती पगडा असतो याचे हे बोलके उदाहरण होय.

ज्ञानकोशाच्या नकाशांना लागणारा परवाना असा असावा लागतो, की कोणीही तो नकाशा वापरावा, बदलावा, छापावा, प्रसंगी विकावाही. मूळ कर्त्याचा उल्लेख करणे आणि बदललेला नकाशाही त्याच अटींवर इतरांना खुला ठेवणे, एवढीच अपेक्षा बहुधा असते. विनामूल्य पाहावयास मिळणे आणि पुनर्वापरास मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या संदर्भात विसरता कामा नये.

आधारसामग्री कोठून येते

स्वयंसेवक नकाशा शून्यातून काढीत नाही. त्यास आधारसामग्री लागते आणि ती मुक्त असावी लागते. गेल्या पंचवीस वर्षांत अशी सामग्री मोठ्या प्रमाणात उपलब्ध झाली, हेच या चळवळीच्या वाढीचे खरे कारण आहे.

उंचसखलपणाची माहिती प्रामुख्याने फेब्रुवारी २००० मधील एका अंतराळ मोहिमेतून मिळाली. 'एंडेव्हर' या अमेरिकन अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारच्या साहाय्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांमधील, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. प्रारंभी अमेरिकेबाहेरील प्रदेशासाठी सुमारे ९० मीटर अंतरावरील बिंदूंची माहिती खुली झाली. २०१४ पासून सुमारे ३० मीटर अंतराची माहिती टप्प्याटप्प्याने सर्वांना मिळू लागली. सह्याद्रीचा उतार किंवा सातपुड्याच्या रांगा छायांकित करून दाखविणारे नकाशे याच सामग्रीवर आधारलेले असतात. मात्र तुटलेले कडे आणि अरुंद घळी यांच्या ठिकाणी रडारला जमीन नीट दिसत नाही. त्यामुळे अशा जागी उंचीचे आकडे गुळगुळीत झालेले किंवा गाळलेले आढळतात. कोकणकड्यासारख्या स्थळी नकाशा काढणाऱ्याने याची जाण ठेवावी लागते.

देशांच्या व राज्यांच्या ढोबळ सीमा, मोठ्या नद्या व समुद्रकिनारे यांसाठी 'नॅचरल अर्थ' हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला सार्वजनिक संग्रह उपयोगी पडतो. रस्ते, गावे, ओढे, शाळा असा तपशील हवा असल्यास 'ओपनस्ट्रीटमॅप' या प्रकल्पाकडे वळावे लागते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात हा प्रकल्प सुरू केला. तेथील सरकारी सर्वेक्षणाची सामग्री सामान्य नागरिकास मुक्तपणे वापरता येत नव्हती, ही त्यामागील प्रेरणा होती. लोकांनी स्वतः रस्त्यांवरून फिरून, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यंत्राने नोंदी घेऊन नकाशा तयार करावा, अशी ती कल्पना. मे २००० मध्ये अमेरिकेने या यंत्रणेच्या संकेतांत नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली होती. त्यापूर्वी शंभर मीटरपर्यंत चूक होऊ शकत असे. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या भ्रमणध्वनीनेही सुमारे ५ मीटरच्या आत स्थान समजते.

या सामग्रीचे मोल संकटकाळी कळून आले. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार मुक्त नकाशा जवळजवळ नव्हताच. जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रस्ते, कोसळलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या रेखाटल्या. मदतपथकांनी त्या नकाशाचा प्रत्यक्ष वापर केला. २०१५ मधील नेपाळच्या भूकंपातही हाच अनुभव आला. ज्या प्रदेशाचा नकाशा आधीच तयार असतो, तेथे मदत लवकर पोहोचते, हा यातील धडा आहे.

मागणीपासून पूर्ततेपर्यंत

ज्ञानकोशाच्या काही भाषिक आवृत्त्यांत नकाशांसाठी स्वतंत्र कार्यशाळा चालतात. इंग्रजी, जर्मन व फ्रेंच आवृत्त्यांतील अशा कार्यशाळा विशेष प्रसिद्ध आहेत. लेख लिहिणारा संपादक तेथे मागणी नोंदवितो : कोणत्या प्रदेशाचा, कोणत्या काळचा, काय दाखविणारा नकाशा हवा आणि त्यासाठी कोणते प्रमाणित ग्रंथ उपलब्ध आहेत. एखादा स्वयंसेवक ते काम स्वीकारतो, कच्चा आराखडा मांडतो, इतर जण त्यातील उणिवा दाखवितात आणि दुरुस्त्या झाल्यावर नकाशा लेखात दाखल होतो. कोणत्याही प्रशासकीय कार्यालयातील मसुदा, अभिप्राय व अंतिम प्रत या पद्धतीशी तिचे साम्य आहे. फरक एवढाच, की येथे प्रत्येक टप्पा सर्वांसमोर असतो.

तयार नकाशा २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'विकिमीडिया कॉमन्स' या सामायिक भांडारात ठेवला जातो. तेथील एकच नकाशा अनेक भाषांतील लेखांत वापरता येतो. तो दुरुस्त केला की सर्व भाषांत एकाच वेळी दुरुस्त होतो. उलटपक्षी त्यात चूक राहिली, तर तीही सर्व भाषांत पसरते. म्हणून नकाशासोबत आधारग्रंथांचा उल्लेख देणे हे शिष्टाचाराचे नव्हे, तर विश्वासार्हतेचे काम आहे.

नकाशे शक्यतो रेषांच्या गणिती वर्णनावर आधारलेल्या 'एसव्हीजी' या प्रकारात ठेवले जातात. छायाचित्र मोठे केले की ते धूसर होते. या प्रकारातील नकाशा मात्र भित्तिपत्रकाएवढा केला तरी रेघ स्पष्ट राहते. त्यातील नावे अक्षरे म्हणूनच जतन केलेली असल्यास दुसऱ्या भाषेचा जाणकार ती सहज बदलू शकतो. नावांचे चित्र करून ठेवल्यास ही सोय नाहीशी होते. देवनागरी नकाशात जोडाक्षरे नीट उमटतात की नाही, हे मात्र प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. क्यूजीआयएस आणि इंकस्केप या दोन मुक्त आज्ञावली या कामी सर्वाधिक वापरल्या जातात आणि त्या शाळांनाही विनामूल्य मिळतात.

ठिपक्यामागील गणित

गावाविषयीच्या लेखात राज्याच्या नकाशावर एक तांबडा ठिपका दिसतो. तो हाताने काढलेला नसतो. नकाशाच्या चार कडांचे अक्षांश-रेखांश माहीत असल्यास संगणक त्रैराशिकाने त्याची जागा ठरवितो. समजा, महाराष्ट्राच्या नकाशाची डावी कड ७२ अंश व उजवी कड ८१ अंश पूर्व रेखांशावर आणि वरची कड २३ अंश व खालची १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नागपूर सुमारे ७९.०९ अंश पूर्व व २१.१५ अंश उत्तर येथे आहे. डाव्या कडेपासूनचे अंतर ७.०९ भागिले ९, म्हणजे सुमारे ७९ टक्के. वरच्या कडेपासूनचे अंतर १.८५ भागिले ८, म्हणजे सुमारे २३ टक्के. ठिपका तेथे पडतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस हे उदाहरण फळ्यावर सहज सोडविता येईल.

यात एक मेख आहे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा लहान होत जातो. महाराष्ट्राच्या मध्यावर तो सुमारे १०५ किलोमीटर आहे, तर ६० अंश अक्षांशावर जवळजवळ निम्मा. दोन्ही अंश सारखेच धरून नकाशा काढला, तर राज्य पूर्व-पश्चिम किंचित ताणले जाते. म्हणून नकाशा त्या प्रमाणात उभा वाढवून घेण्याची पद्धत आहे.

सीमा, तारीख आणि आकडे

नकाशावर तारीख नसणे हा सर्वांत मोठा दोष होय. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार व वाशीम, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर असे दहा जिल्हे त्यात वाढून संख्या ३६ झाली. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले. तेलंगण २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. अशा प्रत्येक बदलानंतर नवा नकाशा लागतो. परंतु जुना नकाशा पुसून त्याच जागी नवा ठेवणे योग्य नव्हे. १९७१ च्या जनगणनेवरील लेखाला १९७१ च्याच सीमा हव्यात. म्हणून जुना नकाशा तारखेसह जतन करून नवा वेगळ्या नावाने दाखल करण्याचा प्रघात आहे.

हीच दक्षता आकडेवारीच्या नकाशात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेचे आकडे ३५ जिल्ह्यांचे आहेत, कारण त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. ते आकडे ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर भरल्यास एक जिल्हा रिकामा राहील किंवा त्यात चुकीचा आकडा जाईल. तसेच एकूण लोकसंख्येनुसार जिल्हे रंगविले, तर केवळ आकाराने मोठे जिल्हे नजरेत भरतात. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या गडचिरोलीत २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती, तर मुंबई उपनगरात २० हजारांहून अधिक. क्षेत्राला रंग द्यावयाचा तर तो घनतेचा किंवा टक्केवारीचा द्यावा, हा नियम म्हणूनच सांगितला जातो. तांबडा व हिरवा हे रंग शेजारी वापरणेही टाळावे, कारण ज्यांना या रंगांतील भेद कळत नाही अशा वाचकांची संख्या नगण्य नाही. उंचीच्या नकाशातील सखल भागाचा हिरवा रंग म्हणजे वनराजी नव्हे, हेही सूचीत स्पष्ट करावे.

इतिहासाचे नकाशे

सर्वाधिक वाद ऐतिहासिक नकाशांवर होतात. अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा नकाशा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. परंतु जेथे फौज पोहोचली तो प्रदेश, जेथून चौथ वसूल होई तो प्रदेश, जो सरदारांच्या ताब्यात होता तो आणि जेथे पेशव्यांचा थेट अंमल होता तो, हे सर्व एकाच गडद रंगाने भरून टाकणे इतिहासाला धरून होत नाही. त्या काळातील सत्ता आजच्या आंतरराष्ट्रीय सीमेप्रमाणे एका रेषेवर संपत नसे. जाणकार स्वयंसेवक म्हणून थेट अंमलास गडद रंग, चौथाईच्या मुलखास तिरप्या रेघा आणि अनिश्चित सीमेस तुटक रेषा देतात. अभिमानाचा नकाशा काढणे सोपे असते. पुराव्याचा नकाशा काढण्यास अभ्यास लागतो आणि दीर्घकाळ टिकतो तो दुसराच.

कायद्याची चौकट

आंतरराष्ट्रीय ज्ञानकोशात वादग्रस्त प्रदेश वेगळ्या छटेने दाखविण्याची प्रथा आहे. भारतात नकाशा प्रसिद्ध करताना मात्र येथील कायदा लागू होतो. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०२० च्या अखेरीस भारत-भूतान संबंधांवरील लेखातील एका नकाशात अक्साई चीन भारताबाहेर दाखविल्याबद्दल केंद्र शासनाने विकिपीडियास तो काढून टाकण्याचा आदेश दिला होता. शाळेच्या फलकासाठी किंवा ग्रामपंचायतीच्या पुस्तिकेसाठी आंतरजालावरील नकाशा घेताना देशाची बाह्यरेषा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

दुसऱ्या बाजूने, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिक व संस्था यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. संवेदनशील स्थळांबाबतचे निर्बंध अर्थातच कायम आहेत.

मराठी नावांचा प्रश्न

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा विषय स्थलनामांचा आहे. मुक्त नकाशात प्रत्येक गावाच्या नोंदीस निरनिराळ्या भाषांतील नावे जोडण्याची सोय आहे. मराठी नाव भरलेले नसेल तेथे वाचकास रोमन लिपीतील नाव दिसते, किंवा यंत्राने केलेले लिप्यंतर त्याच्या माथी बसते. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न यांतील भेद उरत नाही. परिणामी पेणचे पेन होते, शिरोळचे शिरोल आणि जळगावचे जलगाव. वडगाव की वाडगाव, हे रोमन अक्षरांवरून कोणत्याही यंत्रास सांगता येणार नाही. बुद्रुक व खुर्द हे शब्द गाळले गेले, तर दोन स्वतंत्र गावे एकच समजली जातात. वाड्या, पाडे, तांडे यांची नावे तर पुष्कळदा नोंदलेलीच नसतात. चुकीचे नाव एकदा नकाशावर रूढ झाले, की ते फलकांवर, अर्जांवर आणि हळूहळू बोलण्यातही येऊ लागते. ही दुरुस्ती परदेशातील कुशल आरेखकाकडून होणे शक्य नाही. ती गावच्या माणसानेच केली पाहिजे.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

या कामी शाळांना व ग्रामपंचायतींना पुढील गोष्टी अल्प साधनांत करता येण्याजोग्या आहेत. प्रथम, गावातील वाड्या, ओढे, तळी, टेकड्या, देवराया व पाणवठे यांच्या नावांची यादी वयोवृद्धांना विचारून शुद्ध लेखनासह तयार करावी. दुसरे, शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी शिवारफेरी करून त्या स्थळांचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. तिसरे, शाळा, आरोग्य उपकेंद्र, सार्वजनिक विहीर, पूरकाळात बंद पडणारा पूल अशी सार्वजनिक उपयोगाची ठिकाणे मुक्त नकाशात भरावीत. चौथे, गावाविषयीच्या लेखातील ठिपका योग्य जागी आहे की शेजारच्या तालुक्यात पडला आहे, हे तपासावे.

येथे एक भेद लक्षात घेणे जरूर आहे. मुक्त नकाशात प्रत्यक्ष पाहिलेली व स्थानिकांना ठाऊक असलेली माहिती ग्राह्य धरली जाते. ज्ञानकोशातील लेखास मात्र प्रकाशित आधार लागतो. त्यासाठी जिल्हा दर्शनिका, जिल्हा जनगणना पुस्तिका व शासनाची राजपत्रे यांचा उपयोग करावा. खाजगी घरमालकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि संरक्षणविषयक स्थळे यांची नोंद कदापि करू नये. तसेच असा नकाशा भूमी अभिलेख विभागाच्या गटनकाशाची किंवा मोजणीची जागा घेऊ शकत नाही. बांधाच्या किंवा मालकीच्या वादात त्यास पुराव्याचे मूल्य नाही, ही गोष्ट ग्रामसभेत आधीच स्पष्ट करावी.

१८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, त्यात भारतातील गणक, खलाशी व मजूर यांचे कष्ट मोठे होते. परंतु नकाशा कोणासाठी व कशासाठी, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आज तो अधिकार गावच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्या वाडीचे नाव आपल्या भाषेत, योग्य जागी व शुद्ध स्वरूपात जगाच्या नकाशावर असावे, यासाठी मोठा निधी किंवा शासकीय मंजुरी लागत नाही. हवी ती थोडी चिकाटी, खरेपणाची चाड आणि शेजारच्या गावाचेही नाव तितक्याच काळजीने लिहिण्याची वृत्ती.